परदेशी उपचारांची पूर्वतयारी : उरल्यातील एका फाइलच्या आधारे

परदेशात डॉक्टरांना दाखवायचे ठरले की घरात पहिली चर्चा होते ती व्हिसाची आणि तिकिटाची. रुग्णाची फाइल मात्र शेवटच्या आठवड्यात, बॅग भरताना, कपाटावरच्या प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघते. या पाठात आपण हा क्रम उलटा करून पाहणार आहोत. परिचर्या, समाजकार्य किंवा आरोग्य व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा विषय अभ्यासक्रमाचा वाटेल. इतरांसाठी एवढेच सांगणे पुरे, की घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी म्हणून हे काम तुमच्याकडे कधीही येऊ शकते.

उदाहरण

रायपूर शहराच्या उत्तरेला उरला औद्योगिक क्षेत्र आहे. स्पंज आयर्न, रोलिंग मिल, फेरो-अलॉय असे लोखंड-पोलादाशी निगडित कारखाने इथे आणि जवळच्या सिलतऱ्यात दाटीने उभे आहेत. कामगारवस्तीत छत्तीसगढी, ओडिया, बिहारी शेजाऱ्यांबरोबर विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही राहतात. १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती, त्यामुळे ‘मोठ्या डॉक्टरला दाखवायचे’ म्हणजे नागपूरची गाडी पकडायची, ही जुन्या पिढीची सवय. रायपुरात मेकाहारा या नावाने ओळखले जाणारे सरकारी रुग्णालय आधीपासून होते. २०१२ मध्ये एम्स आले. आता पुढची पिढी पुणे, दुबई, न्यू जर्सी अशी पांगली आहे आणि ‘मोठा डॉक्टर’ही तिच्याबरोबर दूर गेला आहे.

अशा एका कुटुंबाची कल्पना करू. कुटुंब काल्पनिक आहे, पण त्यातली कोणतीही गोष्ट नवलाची नाही. वडील ६३ वर्षांचे. उरल्यातल्या एका फेरो-अलॉय कारखान्यात २२ वर्षे भट्टीवर काम केले, निवृत्त होऊन चार वर्षे झाली. गेल्या पाच-सहा वर्षांत चाल मंदावली, बोलणे पुटपुटल्यासारखे झाले, चेहऱ्यावरचे भाव कमी झाले, आणि वळताना ते मागच्या मागे पडू लागले. डॉक्टरांनी पार्किन्सन्सचे निदान करून गोळ्या सुरू केल्या. दीड वर्षात फारसा फरक नाही. मुलगा न्यू जर्सीत असतो. तो फोनवर म्हणतो, “बाबा, तुम्ही इकडे या. इथल्या स्पेशालिस्टना एकदा दाखवू.” आई सिलतऱ्याजवळचा प्लॉट विकायला तयार आहे.

प्लॉट विकण्याआधी काय करायचे, हा आपला विषय.

आधी प्रश्न ठरवा

परदेशी डॉक्टरांची भेट साधारणतः तासाभराची असते आणि तिची किंमत मोठी असते. तेथे ‘बाबा बरे होतील का?’ असे विचारले तर उत्तर मोघमच मिळणार. नेमका प्रश्न फाइलमधूनच काढावा लागतो. आपल्या उदाहरणातला प्रश्न असा आहे : हा नेहमीचा पार्किन्सन्स आहे, की मँगनीजच्या धुरामुळे झालेला, त्याच्यासारखा दिसणारा वेगळा विकार?

इथे थोडे थांबले पाहिजे. पोलाद कठीण करण्यासाठी फेरो-मँगनीज आणि सिलिको-मँगनीज लागते. मँगनीजचे खनिज भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला, तसेच शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या खाणींतून निघते. या खाणी चालवणाऱ्या मॉयल कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. खनिज विद्युत भट्टीत वितळवताना आणि वितळलेला धातू बाहेर काढताना, म्हणजे टॅपिंगच्या वेळी, मँगनीजचा बारीक धूर उठतो. तो वर्षानुवर्षे श्वासातून गेला तर धातू मेंदूच्या आतल्या गाभ्यात साठतो. १८३७ मध्ये ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांत असा विकार नोंदवला होता, म्हणजे वैद्यकशास्त्राला ही ओळख जुनीच आहे.

दोन्ही विकारांत माणूस मंदावतो, ताठरतो. पण पार्किन्सन्स बहुधा शरीराच्या एका बाजूने सुरू होतो, स्वस्थ बसलेले असताना हात थरथरतो, आणि लेव्होडोपा या औषधाने सुरुवातीला तरी स्पष्ट फरक पडतो. मँगनीजच्या विकारात दोन्ही बाजू बहुधा सारख्याच बिघडतात, स्वस्थ असतानाची थरथर कमी असते, चाल लवकर बिघडते, माणूस मागे पडतो. काही रुग्ण टाचा उचलून, कोपरे वाकवून कोंबड्यासारखे चालतात. सुरुवातीला चिडचिड, कारण नसता हसणे-रडणे असे बदलही दिसू शकतात आणि घरचे लोक ते ‘स्वभाव बदलला’ म्हणून सोडून देतात. लेव्होडोपाचा उपयोग कमी होतो किंवा टिकत नाही.

आपल्या उदाहरणातल्या फाइलमध्ये ‘वय ६३, मागे पडणे, औषधाचा प्रतिसाद कमी’ हे सगळे आहे. ‘२२ वर्षे भट्टीवर’ हे मात्र कुठेही नाही. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत कोणी विचारले नाही आणि घरच्यांना ते सांगण्यासारखे वाटले नाही. ‘सेवानिवृत्त’ एवढाच शब्द व्यवसायाच्या रकान्यात आहे. न्यू जर्सीच्या डॉक्टरांना उरला हे नाव ऐकून काहीही कळणार नाही. रायपूरच्या डॉक्टरांना निदान कळले तरी असते. म्हणून मी म्हणेन की परदेशी जाणाऱ्या रुग्णाच्या फाइलमध्ये सर्वांत वरचा कागद रुग्णाच्या कामाचा असावा.

फाइल कशी बांधावी

पहिल्या पानावर आजाराची कहाणी तारखांसह लिहावी : काय, केव्हा सुरू झाले, कोणी पहिल्यांदा ओळखले, कोणते औषध केव्हा दिले, त्याने काय झाले. एक पान पुरे. दुसऱ्या पानावर नोकरीची कहाणी : कोणता विभाग, नेमके काम काय, पाळी किती तासांची, भट्टीपासून किती अंतरावर, धूर ओढून घेणारे पंखे होते का, तोंडाला मास्क की गमछा, त्याच विभागातल्या आणखी कोणाला असाच त्रास झाला का. हे शेवटचे विचारायला लोक लाजतात, विचारावे.

नोकरीचा पुरावा गोळा करणे उरल्यात वाटते तितके सोपे नाही. अनेक जण ठेकेदारामार्फत कामाला असतात, त्यामुळे कागदावर ठेकेदाराचे नाव, कारखान्याचे नाही. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, ईएसआयचे ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, जुना गेटपास, जे हाती लागेल ते जोडावे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या पहिल्या अनुसूचीत धोकादायक प्रक्रियांची यादी आहे आणि फेरो-अलॉयचे उत्पादन तिच्यात येते. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये या कायद्यात ४१-सी हे कलम घालण्यात आले. त्यानुसार अशा कारखान्याने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या, कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने तपासणी करायची, आणि कामगाराला त्या नोंदी पाहू द्यायच्या. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, पण आपल्या रुग्णाची नोकरी जुन्या कायद्याच्या काळातली आहे. त्या काळातल्या नोंदी मागाव्यात. मिळतीलच असे नाही. लेखी अर्ज करून पोच घ्यावी, म्हणजे निदान मागितल्याचा कागद फाइलमध्ये राहतो.

रुग्णालयातल्या कागदांबाबत नियम स्पष्ट आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपल्या पाहिजेत, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत दिल्या पाहिजेत. तीन वर्षे हा आकडा लक्षात ठेवा. जुने कागद मागण्याचे काम ‘जायचे नक्की झाले की करू’ म्हणून पुढे ढकलले तर मुदत उलटलेली असते.

एमआरआयची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण इथे सर्वाधिक चुका होतात. काळ्या फिल्मचा खिडकीसमोर धरून काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो आणि पलीकडून उत्तर येते, “यात काही दिसत नाही.” तपासणी केंद्राकडून मूळ डिजिटल चित्रांची सीडी किंवा लिंक मागावी, तिला डायकॉम म्हणतात आणि ती जगातल्या कोणत्याही रुग्णालयात उघडते. नुसता अहवाल पाठवला तर परदेशी डॉक्टर दुसऱ्याचे मत वाचतात, सीडी पाठवली तर ते स्वतः पाहतात. कर्करोगाच्या बाबतीत हीच गोष्ट बायॉप्सीच्या काचपट्ट्यांची आणि मेणातल्या ठोकळ्यांची. ते मूळ नमुने रुग्णालयाकडून लिहून देऊन-घेऊन न्यावेत. नुसत्या अहवालावर मोठे केंद्र उपचार सुरू करत नाही.

आपल्या उदाहरणात तर सर्वांत जुना एमआरआय सर्वांत महत्त्वाचा आहे. मँगनीज साठले असेल तर टी-१ या प्रकारच्या चित्रात मेंदूचा ग्लोबस पॅलिडस हा भाग उजळ दिसतो. पण कामगार धुरापासून दूर गेला की ही उजळी काही महिन्यांत ते वर्षभरात ओसरू शकते. रक्तातले मँगनीज तर त्याहून लवकर उतरते. म्हणजे निवृत्तीनंतर चार वर्षांनी न्यू जर्सीत, उत्तम यंत्रावर काढलेला एमआरआय निर्दोष दिसू शकतो, आणि नोकरीत असताना चक्कर आली म्हणून रायपुरात काढलेल्या जुन्या एमआरआयमध्ये उत्तर दडलेले असू शकते. यकृताच्या जुनाट आजारातही तोच भाग उजळ दिसतो, तेव्हा यकृताच्या तपासण्याही जोडाव्यात.

हालचालींच्या आजारात मोबाइलवरचे दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण फार उपयोगी पडते : खुर्चीतून उठणे, दहा पावले चालणे, वळणे, बोटे एकमेकांवर टेकवणे, एक ओळ लिहिणे. गोळी घेण्याआधी आणि घेतल्यावर तासाभराने असे दोनदा चित्रण करावे आणि वेळ बोलून नोंदवावी. दहा वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही शेजारी-शेजारी ठेवली तरी डॉक्टरांना बरेच कळते.

नावे, आकडे, तारखा

पासपोर्टवर ‘प्रथम नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ असते. एका अहवालावर फक्त ‘आडनाव साहेब’, दुसऱ्यावर आडनावाचे हिंदी वळणाने लिहिलेले स्पेलिंग. आईच्या कागदांवर तर माहेरचे नाव, सासरचे नाव आणि ‘सौ.’ यांचा खेळ. परदेशी रुग्णालयाच्या संगणकाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. शक्य तेवढे अहवाल पासपोर्टवरील नावाने दुरुस्त करून घ्यावेत. सरकारी रुग्णालयातली टिपणे हिंदीत असतील तर त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते.

औषधे ब्रँडच्या नावाने सांगू नयेत. आपल्या रुग्णाची गोळी भारतात ‘सिंडोपा ११०’ म्हणून मिळते. हा आकडा १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा यांची बेरीज आहे. अमेरिकेत हेच संयुग ‘सिनेमेट’ या नावाने ओळखले जाते आणि तिथे कार्बिडोपा आधी लिहून ‘१०-१००’ असे म्हणतात. ‘११०’ नावाची गोळी तिथे कोणी पाहिलेली नाही. भारतात ‘१२५’ म्हणून मिळणारी गोळी तिथे ‘२५-१००’ होते. युरोपात ‘मॅडोपार’मध्ये तर दुसरा घटकच वेगळा, बेन्सेराझाइड. साध्या औषधांतही हे होते : आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल. निमेसुलाइड तर अमेरिकेत मंजूरच नाही.

काढे, चूर्णे, भस्मे यांची नावेही लिहावीत. खाजकुयलीच्या (कपिकच्छूच्या) बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते; ते चूर्ण घेणारा रुग्ण गोळीखेरीज आणखी मात्रा घेत असतो आणि डॉक्टर हिशेब गोळीचाच करत असतात. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतील आयुर्वेदिक उत्पादने तपासली तेव्हा ७० पैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. धातूच्या विषबाधेचाच प्रश्न असलेल्या रुग्णाने भस्म लपवून कसे चालेल?

रक्ताच्या तपासण्यांची एककेही बदलतात. भारतात आणि अमेरिकेत साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रति लिटरमध्ये. आपल्या आकड्याला १८ ने भागले की त्यांचा आकडा मिळतो, म्हणजे १८० ची साखर तिथे १०. क्रिएटिनिनला ८८.४ ने गुणायचे : १.२ हे तिथे १०६ होते, आणि घरचे लोक तो आकडा पाहून हादरतात. तारीखही शब्दांत लिहावी. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च.

आधी न जाता विचारा

फाइल अशी बांधून झाली की निम्मी तयारी झाली. आता ती विमानात बसवण्यापूर्वी जवळच्या दारांवर नेऊन पाहावी. रायपूरच्या एम्समध्ये कामाच्या इतिहासासह पुन्हा दाखवता येते. व्यावसायिक आजारांसाठी अहमदाबादला राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था आहे, तर मेंदूविकारांसाठी बंगळूरची निमहान्स. मेंदूतली डोपामिनची यंत्रणा शाबूत आहे की नाही हे दाखवणारे न्यूक्लिअर स्कॅन भारतातल्या मोठ्या केंद्रांत होते, आणि पार्किन्सन्स व मँगनीजचा विकार वेगळे ओळखायला ते मदत करते. कर्करोगाच्या रुग्णांसाठी टाटा मेमोरियल आणि राष्ट्रीय कर्करोग जाळ्याच्या तज्ज्ञांचे लेखी मत ‘नव्या’ या सेवेतून घरबसल्या मिळते. देशातल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर सल्लामसलत करण्याला मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट आधार दिला आहे. अमेरिकेतला डॉक्टरी परवाना राज्यापुरता असतो, त्यामुळे तिथले डॉक्टर सहसा थेट उपचार सांगत नाहीत. मात्र काही मोठी रुग्णालये कागदपत्रे पाहून लेखी दुसरे मत देतात, आणि त्याचा खर्च प्रवासाच्या मानाने किरकोळ असतो.

आपल्या उदाहरणात आणखी एक कारण आहे. मँगनीजच्या विकारावर खात्रीचा इलाज न्यू जर्सीतही नाही. धातू बांधून शरीराबाहेर काढणाऱ्या औषधांचे अनुभव संमिश्र आहेत, आणि धुरापासून दूर होणे हाच मुख्य उपाय. पण मँगनीजची विषबाधा कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतला अधिसूचित आजार होता. ती ओळखणाऱ्या डॉक्टरने त्या कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचे असे. ईएसआय कायद्याच्या अनुसूचीतही ती व्यावसायिक आजार म्हणून होती, म्हणजे विमेदार कामगाराच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो. हे दार भारतातल्या निदानानेच उघडते. शिवाय त्याच भट्टीवर आज दुसरे कोणीतरी उभे आहे.

व्हिसा, विमा, पैसा

इतके करूनही जायचे ठरले तर मग कागद दुसरे. छत्तीसगड मुंबईच्या अमेरिकी वकिलातीच्या कक्षेत येते. उपचारासाठी बी-२ व्हिसा मागताना इथल्या डॉक्टरांचे पत्र (आजार काय आणि तिकडे का जायचे), तिथल्या डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे पत्र (उपचाराची तयारी, अंदाजे काळ आणि खर्च) आणि पैशांचा पुरावा अपेक्षित असतो. ‘मुलाला भेटायला चाललोय’ म्हणून अर्ज करायचा आणि उतरल्यावर रुग्णालय गाठायचे, हा सल्ला नातेवाईक सर्रास देतात. तो ऐकू नये. हेतू लपवून व्हिसा घेतल्याचे ठरले तर प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते, आणि मग नातवंडेही भेटत नाहीत. ब्रिटनमध्ये खासगी उपचारांसाठी सहा महिन्यांपर्यंतचा किंवा अकरा महिन्यांचा अभ्यागत व्हिसा मिळतो. अकरा महिन्यांचा मागणाऱ्या भारतीयांना क्षयरोगाची तपासणी करावी लागते. शेंगेन देशांसाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो.

विम्याबद्दल मुलाने पाठवलेला कागद नीट वाचा. आईवडिलांसाठी घेतलेला ‘व्हिजिटर इन्शुरन्स’ आधीपासूनच्या आजाराचा नियोजित उपचार देत नाही. त्यात ‘जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला झटका’ असा एक प्रकार असतो, त्यालाही वयाच्या आणि रकमेच्या मर्यादा असतात. अमेरिकेत तातडीच्या विभागाने पैसे न बघता रुग्णाला स्थिर केलेच पाहिजे, असा १९८६ चा कायदा आहे. बिल मात्र नंतर घरी येते. आयुष्मान भारतचे पाच लाख रुपये किंवा ईएसआयची सेवा परदेशात चालत नाही. छत्तीसगडने २०२० मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री विशेष आरोग्य सहायता योजना गंभीर आजारांना २० लाख रुपयांपर्यंत मदत देण्यासाठी होती. प्लॉट विकण्याआधी देशातल्या उपचारांसाठी तिची चौकशी करावी.

भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. उपचारांचा खर्च याहून जास्त असेल तर डॉक्टरांच्या किंवा रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर बँक जादा रक्कम सोडू शकते. पॅन लागतो आणि बँकेचा ए-२ अर्ज भरावा लागतो. एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांपुढील रकमेवर बँक टीसीएस कापते. तो कर विवरणपत्र भरताना वळता होतो, पण त्या क्षणी खिशातून जातोच. दर अर्थसंकल्पात बदलतो, तेव्हा आकडा बँकेतच विचारावा. मुलगा तिथल्या कमाईतून भरणार असेल तर हा सगळा खटाटोप नाही. अंदाजपत्रक मात्र लेखीच घ्यावे आणि त्यात भूलतज्ज्ञ, तपासण्या, पुढच्या भेटी धरल्या आहेत का हे विचारावे.

प्रवास आणि डॉक्टरांची खोली

रायपूरहून मुंबई, दिल्ली अशा मोठ्या शहरामार्गे जावे लागते, म्हणजे किमान दोन विमाने. विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास आहे. भट्टीच्या धुळीने फुप्फुसे आधीच थकलेली असतील तर प्राणवायूची पातळी तपासून डॉक्टरांचा दाखला घ्यावा आणि विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज आधी भरावा. स्वतःचा सिलिंडर नेता येत नाही. मान्यताप्राप्त छोटे प्राणवायू यंत्र नेता येते. व्हीलचेअर ४८ तास आधी नोंदवावी. गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह ठेवाव्यात. दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणार असाल तर क्लोनाझेपाम, ट्रॅमाडॉल, प्रेगाबालिन अशा औषधांवर तिथे निर्बंध आहेत, आधी परवानगी पाहावी. खसखसही तिथे बंदीच्या यादीत आहे, तेव्हा नातवासाठी केलेले अनारसे घरीच खाऊन निघावे.

परदेशी डॉक्टरांसमोर सर्वांत जास्त अडते ते ‘चक्कर’ या शब्दाशी. खोली फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? तिन्हींना आपण चक्करच म्हणतो आणि तिन्हींची कारणे वेगळी. रायपूरच्या मराठीत ‘हात झुनझुनतात’ असेही म्हणतात. ते मुंग्या येणे आहे की थरथरणे, हे घरी आधीच विचारून लिहून ठेवावे. अमेरिकेतली बहुतेक रुग्णालये दुभाष्या मोफत देण्यास बांधील आहेत. भेट ठरवतानाच मराठी किंवा हिंदीचा मागावा. मुलगा उत्तम इंग्रजी बोलतो हे खरे, पण वडील मुलासमोर लघवीच्या, झोपेच्या, दारूच्या प्रश्नांना खरी उत्तरे देतीलच असे नाही, आणि मुलगाही ‘त्यांना वाईट वाटेल’ म्हणून डॉक्टरांचे अर्धे वाक्य गाळतो.

परतल्यावर

उपचार एका भेटीत संपत नाहीत. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणात २०१८ मध्ये मुंबई, अमेरिका, गोवा आणि दिल्लीचे एम्स अशा ठिकाणी उपचार झाले. इतकी यंत्रणा हाताशी नसलेल्या कुटुंबाची फाइल तर अशा फेऱ्यांत सहज तुटते. म्हणून निघण्यापूर्वीच रायपूरच्या डॉक्टरांना सांगून ठेवावे की परतल्यावर पुढचे तुम्हीच पाहायचे आहे, आणि तिथल्या डॉक्टरांकडून त्यांच्या नावे पत्र आणावे. तिथे सुरू केलेले औषध भारतात मिळते का, कोणत्या नावाने, किती किमतीला, हे विमानात बसण्यापूर्वी विचारायचे. परतण्याआधी तिथल्या नव्या चित्रांची सीडीही घ्यावी.

स्वाध्याय

आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका ज्येष्ठ व्यक्तीची, तिच्या संमतीने, दोन पानी वैद्यकीय कहाणी तयार करा : पहिल्या पानावर आजार तारखांसह, दुसऱ्यावर त्यांनी आयुष्यभर केलेले काम. औषधांची मूळ नावे लिहा. मग त्यांच्या फाइलमधल्या व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहून आपल्या दुसऱ्या पानाशी ताडून बघा.